निवडणुकीच्या खरेदीत निविदा नाकारली गेली तर दाद मागायची कुठे? (फिलिपिन्सच्या मतमोजणी मशीनची केस वाचून)

तिसरा_लिफाफा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलोच. आधी माझं थोडक्यात. आमचा व्हिडिओ शूटिंग आणि वेबकास्टिंगचा धंदा आहे, लग्नं, सभा, आणि मागची काही वर्षं निवडणुकीची कामं पण. एका निवडणुकीत मतदान केंद्रांवरच्या कॅमेऱ्यांची निविदा भरली, दोन लिफाफा पद्धत (एकात पात्रतेची कागदपत्रं, दुसऱ्यात दर), ईएमडी म्हणजे अनामत रक्कम भरली, सगळी कागदपत्रं स्कॅन करून चढवली. शुक्रवारी संध्याकाळी पोर्टलवर तांत्रिक लिफाफा 'रिजेक्टेड' एवढं एकच अक्षर. कारण नाही. सोमवारी दर उघडले, मंगळवारी दुसऱ्याला वर्क ऑर्डर. ऑफिसात गेलो तर म्हणाले लेखी अर्ज द्या, अर्ज दिला, मग माहिती अधिकारात टाकलं, त्याचे तीस दिवस, आणि उत्तर हातात आलं तेव्हा मतदान, मोजणी, गुलाल सगळं उरकलेलं होतं. कारण काय तर अमुक एक शपथपत्र जोडलेलं नाही. ते शपथपत्र आमच्या पीडीएफमध्ये पान ४१ वर होतं. आता सांगा, पान ४१ दाखवायला मी कुणाकडे जाणार होतो?

तर या चिडीतून मी शोधायला लागलो की बाकीच्या देशांत निवडणूक आयोगाच्या खरेदीवर भांडण झालं तर काय करतात, आणि फिलिपिन्सची एक केस सापडली ती वाचून रात्रभर झोप नाही. तिथल्या निवडणूक आयोगाला कोमेलेक म्हणतात. २००४ च्या निवडणुकीसाठी त्यांना मतमोजणीची मशीन घ्यायची होती, एकूण १,९९१ नग, सुमारे १२५ कोटी पेसोंचं कंत्राट. सत्तावन्न जणांनी निविदेचे कागद नेले आणि शेवटी पात्र ठरले फक्त दोघं. १० मार्च २००३ ला बोली होती आणि जी कंपनी जिंकली ती रजिस्टर झाली २७ फेब्रुवारीला, म्हणजे अकरा दिवस आधी. ती म्हणे एका कन्सॉर्शियमची, म्हणजे कंपन्यांच्या गटाची प्रमुख, पण त्या कन्सॉर्शियमचा करारच बोलीच्या कागदांत नव्हता. त्यांच्या विज्ञान खात्याने मशीन तपासली तर २७ कसोट्यांपैकी ८ मध्ये नापास. अचूकता ९९.९९९५ टक्के पाहिजे होती, ती पण नाही.

पण मला खरा धक्का बसला तो तारखांचा. आयोगाने कंत्राट द्यायचा ठराव केला १५ एप्रिलला. बोल्या तपासणाऱ्या बिड कमिटीचा अहवाल आहे २१ एप्रिलचा. म्हणजे आधी निकाल, मग सहा दिवसांनी निकालाचं कारण! आणि लोकांना हा ठराव कळला कधी, तर १६ मे ला. तिथे कायद्यात तक्रारीची पायरी आहे, आधी कमिटीकडे फेरविचार मग वर प्रोटेस्ट म्हणजे हरकत, पण ती पायरी चढायची तर कमिटीचा निर्णय हातात पाहिजे ना. तो यायच्या आधीच वरच्यांनी शिक्का मारलेला. मला इथे माझा शुक्रवार-सोमवार-मंगळवार आठवला.

यावर कायद्यातल्या लोकांनी जरा लिहा. आपल्याकडे अशी पायरी आहे का?


कोर्टाची_पायरी:

चांगला विषय काढलात. ती केस जानेवारी २००४ च्या १३ तारखेची, आयटी फाउंडेशन विरुद्ध कोमेलेक म्हणून ओळखली जाते, निकाल न्या. पांगानिबान यांनी लिहिलाय. तुम्ही म्हणताय तो तारखांचा मुद्दाच तिथे कळीचा ठरला. आयोगाचं म्हणणं होतं की हे लोक थेट सुप्रीम कोर्टात आले, आधी प्रशासकीय दाद मागितलीच नाही म्हणून याचिका फेटाळा. हा बचाव आपल्याकडेही रोज ऐकायला मिळतो, 'पर्यायी उपाय उपलब्ध असताना'. कोर्टाने काय म्हटलं तर अहवालच निकालानंतर आला, मग ठरवून दिलेल्या मार्गाने जायची संधी यांना होती कुठे? आणि याचिकावाल्यांपैकी काहींनी २९ मे ला आयोगाच्या अध्यक्षांना सविस्तर पत्र लिहिलं होतं, ६ जूनला ते फेटाळलं गेलं. कोर्टाने ते पत्रच पुरेसं धरलं. ज्याने दार बंद केलं त्याला 'तुम्ही दारातून का आला नाहीत' असं विचारता येत नाही, असं मी माझ्या ज्युनिअर्सना या केसबद्दल सांगत असतो.

अजून एक, याचिका करणारे हरलेले बोलीदार नव्हते, संगणक क्षेत्रातली संस्था आणि नागरिक होते, तरी कोर्टाने त्यांना उभं राहू दिलं, कारण पैसा करदात्यांचा आणि विषय निवडणुकीचा.

कंत्राट रद्द झालं. पण तोवर मशीन येऊन पडली होती आणि शंभर कोटी पेसोंच्या वर रक्कम देऊनही झाली होती. मे २००४ ची निवडणूक हातानेच मोजली.


तिसरा_लिफाफा:

बापरे. म्हणजे जिंकूनही पैसे गेलेच.


मनिलातून:

मी इथे नऊ वर्षं आहे, आयटीत, खरेदीशी थेट संबंध नाही पण आमच्या कंपनीने सरकारी बोल्या भरल्यात म्हणून नियम माहितीयेत. पैशाचं म्हणाल तर त्या वसुलीचा खटला पुढे कितीतरी वर्षं चालला, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्याच नाही तर तिच्यामागच्या मंडळींच्याही मालमत्तेवर टाच आणायला मान्यता दिली. बघा, २००३ चा ठराव आणि २०१६ ची टाच.

आता पद्धत सांगतो कारण धागा तिच्याबद्दल आहे. २००३ चा कायदा, रिपब्लिक ॲक्ट ९१८४, त्यात कलम ५५ ते ५८ एवढंच प्रकरण. बिड कमिटीच्या निर्णयावर आधी कमिटीकडेच फेरविचार मागायचा, मग खरेदी करणाऱ्या ऑफिसच्या प्रमुखाकडे प्रोटेस्ट, तो लेखी, शपथेवर, आणि त्याला फी, जी परत मिळत नाही. प्रमुखाने सात दिवसांत निकाल द्यायचा, तोही फक्त कमिटीच्या दप्तरात जे आहे त्यावर. प्रोटेस्टमुळे बोलीची प्रक्रिया थांबत नाही. पण, आणि हा पण फार मोठा आहे, प्रोटेस्टचा निकाल लागल्याशिवाय कंत्राट देता येत नाही. हे सगळं झाल्यावरच कोर्ट, तेही आधी प्रांतिक ट्रायल कोर्ट.

नवीन कायदा जुलै २०२४ मध्ये आला, ॲक्ट १२००९, त्याने जुना बदलला. पण ज्या केसेसबद्दल बोलतोय त्या जुन्यातल्या.


गोदाकाठ:

एक शंका. आयोगाचा प्रमुख म्हणजे तिथे आयोगच ना? मग आयोगाच्या कमिटीविरुद्ध आयोगाकडेच प्रोटेस्ट. याला अपील कसं म्हणायचं, घरातल्या घरात झालं की.


मनिलातून:

@गोदाकाठ, हो, हाच आक्षेप इथेही घेतात. पण अगदीच फुकट जातं असं पण नाही. २०१५ चं उदाहरण घ्या. २०१६ च्या निवडणुकीसाठी २३,००० मतपत्रिका वाचणारी मशीन भाड्याने घ्यायची होती, अडीचशे कोटी पेसोंचं काम. बिड कमिटीने स्मार्टमॅटिक या मतदान मशीनच्या कंपनीच्या गटाला अपात्र ठरवलं, कंपनीच्या घटनापत्रातल्या उद्देशाचा एक मुद्दा आणि नमुना मशीनमध्ये दोन ठिकाणी एकाच वेळी डेटा साठवता येतो का हा दुसरा. फेरविचारही फेटाळला. मग त्यांनी पूर्ण आयोगापुढे प्रोटेस्ट केला आणि २९ जून २०१५ ला आयोगाने स्वतःच्याच कमिटीचा निर्णय फिरवला. म्हणजे घरातल्या घरात पण निर्णय उलटा होऊ शकतो.

त्यावर मग काही नागरिक सुप्रीम कोर्टात गेले, केरुबिन केस. डिसेंबर २०१५ मध्ये कोर्ट म्हणालं तुम्ही चुकीच्या दारात आलात, हा निर्णय आयोगाने निवडणुकीचा न्यायनिवाडा म्हणून दिलेला नाही, खरेदीदार म्हणून दिलाय, त्यामुळे कलम ५८ प्रमाणे ट्रायल कोर्टात जायला हवं होतं. याचिका फेटाळली.


कोर्टाची_पायरी:

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आयोग मतदारयाद्या, उमेदवारी, निकाल यावर बोलतो तेव्हा त्याचा दर्जा वेगळा असतो, पण तोच आयोग मशीन, कागद, शाई, कॅमेरे विकत घेतो तेव्हा तो एक साधा खरेदीदार असतो आणि त्याला पाणीपुरवठा खात्याला लागू होतात तेच खरेदीचे नियम लागू व्हायला पाहिजेत, निवडणुकीचं नाव घेतलं की सगळे हात मागे घेतात हे चूक आहे.

तिसरा_लिफाफा, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. तामिळनाडूत १९९८ चा निविदा पारदर्शकता कायदा आहे, त्यात कलम ११ खाली अपील आहे. कर्नाटकात १९९९ चा कायदा, कलम १६. राजस्थानात २०१२ चा, कलम ३८. महाराष्ट्रात असा खरेदीचा स्वतंत्र कायदाच नाही. १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आहे, खरेदीची कार्यपद्धती सांगणारा, पण शासन निर्णय तो शासन निर्णय. केंद्राने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, तक्रार निवारणाची स्वतंत्र समिती त्यात होती, २०१४ ला लोकसभा संपली आणि विधेयकही गेलं. त्यामुळे आपल्याकडे अर्ज-विनंत्या संपल्या की उरते ती राज्यघटनेच्या कलम २२६ ची रिट, म्हणजे हायकोर्टात याचिका. आणि रिटमध्ये १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्याच्या निकालापासून कोर्टाची भूमिका ठरलेली आहे की आम्ही अपील ऐकायला बसलेलो नाही, निर्णय बरोबर की चूक ते बघणार नाही, तो कसा घेतला ते बघू. तुमचं पान ४१ तिथे दाखवता आलं असतं, पण मुंबई, नागपूर नाहीतर संभाजीनगर खंडपीठ गाठून, वकील लावून, तेही सोमवारच्या आत.


वावर_शिवार:

सोमवारच्या आत!! शुक्रवारी संध्याकाळी कळल्यावर??


निवृत्त_नायब:

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. छत्तीस वर्षं महसुलात काढली, त्यात किती निवडणुका केल्या मोजल्या नाहीत. कार्यक्रम जाहीर झाला की मतदानाची तारीख हलत नाही. मंडप, गाड्या, जेवण, छपाई, व्हिडिओग्राफर, सगळं त्याच काही दिवसांत उभं करायचं असतं आणि त्याच ऑफिसचे तेच चार कारकून आचारसंहितेच्या तक्रारीही बघत असतात, प्रशिक्षणही घेत असतात. रात्री दोनला साहित्य वाटपाच्या याद्या केल्यात मी. अशा वेळी एका निविदेवर स्थगिती आली तर केंद्रावर कॅमेरा लागणार नाही, आणि मग प्रश्न विचारणारे परत आम्हालाच विचारणार. लिफाफाराव, तुमच्यावर अन्याय झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण अपिलाची मुदत निवडणुकीच्या वेळापत्रकात बसवायची कशी ते सांगा.


मनिलातून:

काका, तुमचा मुद्दा इथे सुप्रीम कोर्टापुढेच आला होता. २०१५ मध्ये आयोगाने जुन्या ८० हजारांवर मशीनच्या तपासणीचं काम बोली न लावता थेट स्मार्टमॅटिकला दिलं, २६ कोटी ८८ लाख पेसो, कारण काय तर वेळ कमी आहे. एप्रिल २०१५ मध्ये कोर्टाने ते रद्द केलं. निवडणूक कधी आहे ते आयोगाला अनेक वर्षं आधी माहीत असतं, मग शेवटच्या क्षणी वेळ नाही हे कारण चालत नाही, साधारण असा सूर होता. तुमच्या कारकुनांवर हा दोष नाही, ते शेवटच्या टोकाला असतात. पण वर बसून खरेदीचं वेळापत्रक आखणाऱ्यावर आहे.


निवृत्त_नायब:

वर बसणाऱ्यांबद्दल म्हणताय ते मान्य आहे. व्हिडिओग्राफरचा दर करार निवडणूक लागायच्या सहा महिने आधी करता येतो, आम्ही एकदा केला होता, त्या वर्षी एकही भांडण झालं नाही. दरवेळी नाही होत.


सवाना:

नैरोबीहून लिहितेय. माझ्या सासरची मंडळी तीन पिढ्या इथे आहेत, मी पंधरा वर्षांपूर्वी लग्न होऊन सांगलीहून आले. इथे केनियात हाच वाद मतपत्रिकांवरून इतका पेटला होता की रोज जेवणाच्या टेबलावर तोच विषय. म्हणून लिहावंसं वाटलं.

इथे खरेदीच्या भांडणासाठी वेगळं मंडळच आहे, खरेदी करणाऱ्या ऑफिसच्या बाहेरचं. २०१५ चा कायदा. निर्णय कळल्यापासून चौदा दिवसांत मंडळाकडे अर्ज करायचा, अर्ज केला की खरेदी आपोआप थांबते, आणि मंडळाने एकवीस दिवसांत निकाल द्यायचाच. पुढे हायकोर्टात जायला चौदा दिवस आणि हायकोर्टाला पंचेचाळीस. घड्याळ सगळ्यांना लावलंय, नुसतं तक्रारदाराला नाही. हे मला फार पटतं.

पण मंडळाकडे फक्त बोलीशी संबंधित लोकच जाऊ शकतात. २०१७ ला काय झालं, मतपत्रिका छापायचं काम दुबईच्या अल घुरैरला दिलेलं, विरोधी पक्षांची आघाडी हायकोर्टात गेली, ते काही बोलीदार नव्हते. १३ फेब्रुवारी २०१७ ला कोर्टाने कंत्राट रद्द केलं. मग निवडणूक आयोगाने तेच काम त्याच कंपनीला निविदेशिवाय थेट दिलं. परत कोर्ट. ७ जुलैला हायकोर्टाने राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकांची छपाई लोकांशी सल्लामसलत केली नाही म्हणून रद्द ठरवली, २० जुलैला अपील कोर्टाने तो निकाल उलटवला, आणि मतदान होतं ८ ऑगस्टला. एकोणीस दिवस! त्या दिवसांत इथे लोक घरात किराणा भरून ठेवत होते, जुन्या दंगलींची आठवण असलेली माझी सासूबाई रोज रेडिओला कान लावून. मतपत्रिका कोण छापतो हा कागदावरचा प्रश्न वाटतो, पण त्यावर लोकांचा विश्वास बसला नाही तर काय होतं ते आम्ही घरात बसून अनुभवलंय.


गोदाकाठ:

सवाना ताई, अंगावर काटा आला वाचून. म्हणजे काकांचा मुद्दा आणि लिफाफ्यांचा मुद्दा दोन्ही एकाच ठिकाणी येऊन अडतात, थांबवायचं की नाही. फिलिपिन्समध्ये बोली थांबत नाही पण कंत्राट थांबतं, केनियात सगळंच थांबतं पण मोजून एकवीस दिवस. मला फिलिपिन्सचं जास्त बरं वाटतंय, काम पुढे चालू राहतं आणि तरी वर्क ऑर्डर निघत नाही.


वावर_शिवार:

मला केनियाचं बरं वाटतं. भांडण ऐकणारा बाहेरचा पाहिजे. आमच्या गावात रस्त्याच्या निविदेत ज्याने नाकारलं त्याच्याकडेच अर्ज दिला, त्याने तो त्याच फाइलला लावून ठेवला. आजही असेल तिथे. शिवाय परत न मिळणारी फी म्हणजे बारक्या माणसाने नाद सोडायचा.


कोर्टाची_पायरी:

फीचं मात्र थोडं आहे वावर_शिवार. फी नसेल तर हरलेला प्रत्येक जण नुसतं काम लांबवायला अर्ज टाकतो, हे मी अशिलांच्या तोंडून ऐकलंय. पण जिंकला तरी फी परत नाही हे मला अन्यायाचं वाटतं.


पेण_पनवेल:

आपल्याकडे ईव्हीएम तर बीईएल आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्याच बनवतात, शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. त्यामुळे एवढं मोठं भांडण आपल्याकडे होणारच नाही ना?


कोर्टाची_पायरी:

मशीनवरून असं बोलीचं भांडण होणं अवघड, कारण दोन-तीन कंपन्यांची बोलीच नाही. मशीनवरचे वाद आपल्याकडे वेगळे आहेत, ते या धाग्यात नकोत. पण मतदान केंद्रावर जे जे बाकीचं लागतं, कॅमेरा, गाडी, मंडप, छपाई, जेवण, ते जिल्ह्याजिल्ह्यात बाहेरूनच येतं. तिथे दहा-वीस लाखांची कामं असतात आणि भरणारी माणसं लिफाफारावांसारखी असतात. त्यांना रिटचा खर्च कामाच्या नफ्याहून जास्त.


मनिलातून:

एक राहिलंच. २९ नोव्हेंबर २०२३ ला इथल्या आयोगाने स्मार्टमॅटिकला पुढच्या बोल्यांमधून बाद केलं, बोली भरायच्याही आधी. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. १६ एप्रिल २०२४ ला कोर्टाने म्हटलं की हे अधिकाराचा गंभीर गैरवापर आहे, बोली भरलेलीच नसताना तिची पात्रता तपासली कशी? पण तोवर कोरियाच्या मिरू कंपनीला १,७९९ कोटी पेसोंचं कंत्राट देऊन झालं होतं, आणि कोर्टाने आपला निकाल पुढच्या काळापुरता ठेवला. मे २०२५ ची निवडणूक मिरूच्या मशीनवरच झाली. म्हणजे बरोबर असूनही हाती काही नाही. स्मार्टमॅटिकबद्दल माझं मत चांगलं नाही हे आधीच सांगतो, तरी उद्या हे कुणाशीही होऊ शकतं.


तिसरा_लिफाफा:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. निवृत्त_नायब काका, तुमचा राग अजिबात नाही, उलट दर कराराचं तुम्ही सांगितलंत ते मी लिहून ठेवलंय.

सगळं वाचून माझ्या डोक्यात एकच राहिलंय. मंडळ बाहेरचं की आतलं, फी किती, थांबवायचं की नाही, यावर आपण वाद घालू, पण फिलिपिन्समध्ये २००३ ला जे बिघडलं आणि माझ्या बाबतीत जे बिघडलं ते अपिलाच्याही आधीचं आहे. कारणाचा कागद हातात नव्हता. तो असता तर मला अपील सुद्धा लागलं नसतं, शनिवारी जाऊन पान ४१ दाखवलं असतं, बहुतेक कारकुनानेच चूक मान्य केली असती. माहिती अधिकाराचे तीस दिवस आणि निविदेचे तीन दिवस यांचा मेळ बसत नाही.

@कोर्टाची_पायरी, कायदा नसताना निविदेच्या अटींमध्येच हे घालून मागता येईल का?


कोर्टाची_पायरी:

येईल. बोली भरायच्या आधी शंका विचारायला प्री-बिड मीटिंग असते, तिथे लेखी मागा. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत बोली नाकारली तर प्रश्न विचारायची सोय असावी असं तत्त्व आहे, ते राज्याला बंधनकारक नाही पण आधार म्हणून जोडा. उत्तर कोरिजेंडममध्ये, म्हणजे निविदेच्या शुद्धिपत्रकात आलं तर ती निविदेची अट होते, आणि मग ती मोडली तर हायकोर्टात तुमच्याकडे धरायला काहीतरी असतं. 'कसा निर्णय घेतला' यातच ते बसतं.


तिसरा_लिफाफा:

पुढच्या बुधवारी एका निविदेची प्री-बिड आहे. हे लिहून नेतोय, बघा बरोबर आहे का:

'तांत्रिक लिफाफा अपात्र ठरल्यास त्याचं कारण, कोणता कागद आणि कोणती अट, हे त्याच दिवशी पोर्टलवर टाकावं. त्यानंतर दर उघडेपर्यंत कामकाजाचे किमान तीन दिवस मध्ये असावेत. या काळात आलेल्या हरकतीवर लेखी उत्तर दिल्याशिवाय कार्यादेश देऊ नये.'


निवृत्त_नायब:

'त्याच दिवशी' ऐवजी 'दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी दुपारपर्यंत' करा. लिफाफे रात्री नऊपर्यंत तपासले जातात, कारण टाइप करायला माणूस शिल्लक नसतो. एवढं बदललंत तर मी त्या खुर्चीत असतो तर सही केली असती.


तिसरा_लिफाफा:

बदललं काका. बुधवारी काय होतं ते इथेच लिहितो.